तेहतीस कोटींचे व्याही

जगात जेवढे म्हणून आकडे आहेत, त्या प्रत्येकाची आमच्या व्याह्यांनी निदान एकदा तरी दारात बसवून चौकशी केलेली आहे, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही त्यांना तुमचं नाव सांगा, विसरतील. गाव सांगा, पुढच्या भेटीत दुसऱ्याच गावाचे करून टाकतील. पण मोबाइल नंबर सांगितलात, तर ते डोळे मिटतील, ओठ पुटपुटतील आणि जरा वेळानं म्हणतील, "पाव्हणं, तुमच्या नंबराला तेरानं भाग जातोय, ठावं हाय का?" हे त्यांनी मला आमच्या पहिल्याच भेटीत सांगितलं. मी शिरूरच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान चालवतो. माझा आकड्यांशी संबंध मीटरपट्टीपुरता. आपल्या नंबराला तेरानं भाग जाणं ही अभिमानाची गोष्ट आहे की लाजेची, हेच मला कळेना. लेकीची सोयरीक जुळायच्या आत मोडते की काय या भीतीनं मी विचारलं, "नंबर बदलून घेऊ का?" त्यावर ते फार गंभीरपणे म्हणाले, "नगं, ऱ्हाऊ द्या. तेराची कुणी फारशी विचारपूस करत न्हाई."

व्याह्यांचं गाव पाटसहून दौंडला जाताना लागतं. ऊस, विहीर, दोन म्हशी, रस्त्याला लागून घर आणि घरापुढं शहाबादी फरशीचं ऐसपैस अंगण. सगळी उमर साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. उसाच्या रसात साखर किती, हे मोजून लिहायचं काम. गोडी मोजता मोजता माणूस गोड होतो म्हणावं तर तसंही नाही, कारण ते मुळातच गोड होते. त्यांचा जीव मात्र साखरेत नव्हता, मूळ संख्यांत होता. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांच्याखेरीज कशानंच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या, हे आपण सगळे शाळेत शिकतो आणि शाळेतच सोडून येतो. व्याही तेवढं एक सोबत घेऊन घरी आले. मुलगी बघायला आले तेव्हा सगळ्यांनी रीतीप्रमाणे शिक्षण, स्वयंपाक वगैरे विचारून झालं. मग ह्यांनी घसा साफ केला आणि माझ्या लेकीला विचारलं, "पोरी, एक्क्याण्णव मूळ हाय का?" आमच्या हिनं पदराखाली देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. लेक मान खाली घालूनच म्हणाली, "नाही. तेरा सत्ते एक्क्याण्णव." व्याह्यांनी गुडघ्यावर थाप मारली आणि मुलाकडं न बघताच सांगून टाकलं, "झालं. पसंत हाय." मुलाला पसंत आहे की नाही, हे विचारायचंच राहिलं, ते नंतर चहाच्या वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं.

जेवणाचंही तसंच. भाकरी दोन, तीन, नाहीतर पाच. चार कधीच नाही. विहीणबाई मला एकदा सांगत होत्या, "चार खाल्ल्या की पोट भरलं तरी पाचवी मागत्यात. आन् पाच झाल्यावर भूक ऱ्हायली, तर पुढं एकदम सातावर जावं लागतंय. तेवढं जाईना, म्हणून तसंच उठत्यात." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, एखादीचा नवरा कांदा खात नाही, एखादीचा वांगं खात नाही, तसा हा चार खात नाही, एवढंच.

लग्न शिरूरला होतं. मुहूर्त गुरुजींनी बारा छत्तीसचा काढलेला. व्याह्यांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. बाराशे छत्तीस म्हणजे सम संख्या, तिला वाटेल त्यानं भागावं. बाराशे सदतीस मात्र अस्सल मूळ. एका मिनिटाचा तर प्रश्न! पण गुरुजींना सांगायची सोय नव्हती. तेव्हा शेवटचं मंगलाष्टक संपायच्या बेतात असताना ह्यांनी स्टेजवर जाऊन माइक हातात घेतला आणि आलेल्या पाहुण्यांचं स्वागत सुरू केलं. आमच्याकडं लग्नात पुढाऱ्यांची नावं घेतातच, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. पण त्यात एक अडचण असते. सरपंचांचं नाव घेतलं की माजी सरपंचांचं घ्यावं लागतं, सोसायटीच्या चेअरमनचं घेतलं की व्हाइस चेअरमन कोपऱ्यातून बघत असतो. ही नावं घेता घेता सदतीस उलटून अडतीस झाले. व्याह्यांनी घड्याळात बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम दिसला. कारण पुढची मूळ संख्या थेट बाराशे एकोणपन्नास! मग काय, दूध संघ, पाणीवाटप संस्था, दोन्हीकडचे पोलीस पाटील, मंडपवाला, आचारी, सगळ्यांचं स्वागत झालं. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजून भाताच्या ढेकळासारख्या झाल्या. अंतरपाट धरणारे दोनदा बदलावे लागले. गुरुजी डोळ्यांनी जाळत होते. बारा एकोणपन्नास झाले आणि व्याह्यांनी माइक असा काही खाली ठेवला, की जणू तेच लग्न लावून उतरत आहेत. आज बारा वर्षं... नाही, आकडा नको, हिशेब चुकला तर ते माझी खरडपट्टी काढतील. पण संसार उत्तम चाललाय, हे खरं, आणि त्याचं श्रेय ते अजूनही त्या एकोणपन्नासाला देतात.

कॅल्क्युलेटरला ते हात लावत नाहीत. मुलानं मोबाइल घेऊन दिला, त्यावर फोन करतात, घेतात, बस. "मशिननं केलेला भागाकार आपल्या अंगी लागत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. सगळं काम अंगणातल्या फरशीवर खडूनं. ते भागाकार करत असले की विहीणबाईंना अंगण झाडता येत नाही, दारी आलेल्या माणसाला कडेकडेनं भिंतीला धरून आत यावं लागतं. एकदा शेळीनं बाकी चाटली. तीन तासांचं काम गेलं. ते शेळीला काही बोलले नाहीत, फक्त पुढचे दोन दिवस तिच्याकडं बघायचे तेव्हा नजर दुखावलेली असायची.

रिटायर झाल्यावर त्यांना ती माळ सापडली. सापडली म्हणजे कुठं वाचली नाही, बसल्या बसल्या सुचली. एकतीस मूळ आहे. त्याच्या डाव्या बाजूला एक तीन ठेवला की तीनशे एकतीस, तीही मूळ. आणखी एक तीन ठेवला, तीन हजार तीनशे एकतीस. तीही! तेहतीस हजार तीनशे एकतीस, मूळ. तीन लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस, मूळ. मला ते फोनवर एकेक संख्या अशी सांगायचे, जशी दुसरी माणसं नातवंडांचे दात सांगतात. तेहतीस लाखांची झाली. मग तीन कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. ही सातवी. ती मूळ आहे हे पक्कं करायला तिला सहा हजारांच्या अलीकडच्या शेकडो मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, आणि प्रत्येक वेळी काहीतरी बाकी उरावी लागते. त्यात अख्खा एक गळीत हंगाम गेला. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या जायच्या आणि आत फरशी, पाण्याची टाकी, गोठ्याची भिंत, सगळं पांढरं झालेलं. शेवटच्या भागाकाराला बाकी उरली त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले. लोकांना वाटलं, नातू झाला. सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, बायका येऊन विचारायला लागल्या.

आता त्यांची खात्री झाली, की ही माळ कधी तुटायचीच नाही. पुढची, आठवी संख्या होती तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. "पाव्हणं, देव जेवढं, तेवढी ही संख्या," ते मला म्हणाले. "वर पुन्हा लाखांचा नैवेद्य. हिला कोण भागणार?" त्यांनी हे गावात सांगितलं, बाजारात सांगितलं, दौंडच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांना सांगितलं. ते ऐकून जवळच्या एका हायस्कूलच्या हेडमास्तरांनी त्यांना मुलांपुढं बोलायला बोलावलं. व्याह्यांनी नवा शर्ट शिवायला माझ्याच दुकानातून कापड नेलं. अडीच मीटर पुरत होतं, पण दोनशे एक्कावन्न सेंटिमीटर मागितलं. मी मुकाट्यानं दिलं.

भाषणाच्या आधी निदान थोडी तरी तपासणी सुरू करावी, म्हणून त्यांनी एका सकाळी अंगण धुऊन घेतलं, खडूंची नवी पेटी फोडली, नारळही फोडला. काम दोन-तीन वर्षांचं, तेव्हा सुरुवात नीट हवी. दोननं जात नाही, तीननं नाही, पाचनं नाही. सातनं नाही. अकरा, तेरा, बाकी उरली. मग सतरा.

मी दुकान उघडून नुकता बसलो होतो. फोन आला. आवाज व्याह्यांचाच, पण कुणीतरी विहिरीतून बोलावं तसा.

"पाव्हणं, कागद हाय का जवळ?"

"आहे."

"तेहतीस कोटीवालीला सतरानं भागा. हातानं भागा, मशिन नगं. मी धरून हाय."

मी ताग्याच्या खोक्यातला खाकी कागद घेतला आणि शाळा सोडल्यावर पहिल्यांदा एवढा मोठा भागाकार केला. एक गिऱ्हाईक ब्लाऊजपीस धरून उभं होतं, त्याला थांबवलं. एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. शेवटी एक्कावन्न उरले, सतरा त्रिक एक्कावन्न. मी दोनदा बघितलं. पलीकडून श्वास ऐकू येत होता.

"बाकी किती?" त्यांनी विचारलं.

"शून्य, व्याही."

मग म्हणाले, "बरं. आमच्या विहीणबाईंना नमस्कार सांगा." आणि फोन ठेवला. दोन-तीन वर्षांच्या तयारीनं फोडलेल्या पेटीतला पहिला खडू अर्धाही झिजला नव्हता.

मला, खरं सांगायचं तर, थोडं हसूच आलं. ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, मामांनी आज चार भाकरी खाल्ल्या." मी हसायला लागलो, तर पलीकडून तिचा हुंदका ऐकू आला. "हसू नका. वाढेल तेवढं खातात. काही मोजत नाहीत. शाळेत निरोप पाठवलाय, तब्येत बरी नाही म्हणून. अंगण सकाळी आत्याबाई झाडतात, तर नुसते बघत बसतात." मामा म्हणजे तिचे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई. मी दुकान आमच्या हिच्या ताब्यात दिलं आणि न्हावऱ्यावरून जाणारी दौंडची एसटी धरली. चौफुल्याला गाडी थांबली तेव्हा पाचशे ग्रॅम पेढे घेतले, मग वाटलं, कशाबद्दल? तरी घेतले.

अंगण स्वच्छ होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरात सरळ मधून चालत गेलो. व्याही ओट्यावर अंथरुणातच भिंतीला टेकून बसलेले. दाढी वाढलेली. मी कापडाचे भाव, पाऊस, कांदा, सगळं बोलून बघितलं. मग धीर करून म्हणालो, "अहो, सात तर खऱ्या निघाल्या ना? सात काय कमी आहेत?"

ते माझ्याकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, तुमी कापडवाले. ताग्याला सात मीटरवर भोक पडलं, तर काय म्हणून इकाल?"

मी पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला. "लोकं हसत्यात याचं काय न्हाई," ते पुढं म्हणाले. "लोकं आधीबी हसतच व्हती. पर मला तिच्यावर भरवसा व्हता वो. आन् फोडली कुणी? सतरानं! हजारातल्या कुणी फोडली असती तर मानलं असतं. सतरा म्हंजी अगदी दारातलं."

विहीणबाई चहा घेऊन आल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी हे सगळं ऐकलेलं, पण त्यावर स्वतःहून कधी एक प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवं, मंग ही सतरा परत कवा येनार?"

"परत कशाला यील?" व्याही खेकसले.

"एकदा आली म्हंजी वाट ठावी झाली तिला. पुढं आनखी तीन-तीन लावनारच की तुमी. तवा यील का न्हाई?"

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला न्हाई कळत. म्हणून तर इचारते." आणि त्या आत निघून गेल्या.

व्याह्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. प्यायले नाहीत. त्यांचे ओठ हलायला लागले. झोपलेलं मूल जागं होताना आपण हालचाल करत नाही, तसा मी कपबशी धरून बसून राहिलो. मग त्यांनी बशी तशीच खाली ठेवली, उशीखाली हात घातला आणि तो अर्धा खडू काढला. टाकलेला नव्हता तर!

पुढं जे झालं ते मला त्यांनीच समजावलं, आणि कापड विकणाऱ्यालाही समजावं इतकं सोपं करून. माळेतली पुढची संख्या मिळवायची, तर आधीचीला दहानं गुणून एकवीस मिळवायचे. मग एवढ्या मोठ्या संख्या लिहायच्याच कशाला? नुसती बाकी घ्यायची, तिला दहानं गुणायचं, एकवीस मिळवायचे, सतरानं भागायचं. शून्यावरून निघायचं आणि पुन्हा शून्य कधी येतं ते बघायचं. ते अंगणाच्या एका टोकाकडून निघाले, उकिडवे सरकत सरकत दुसऱ्या टोकाला तुळशीपाशी पोचले आणि तिथून ओरडले, "अगं ए! सोळाव्याला येती! दर सोळाव्याला!"

आतून आवाज आला, "म्हनलं नव्हतं?"

पण ते आता थांबणार नव्हते. सतरा परत येते, तर दुसरी कुणी का नाही? त्यांनी माळेतली पहिलीच संख्या घेतली, एकतीस. तिनं भागत निघाले. पंधराव्या पावलाला बाकी शून्य. ते फरशीवर बसकण मारून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, खडूच्या हातानं पुसलं, तर तोंड पांढरं झालं. "पाव्हणं, ऐका! एकतीस सवता पुढच्या एका संख्येला भागतीय. म्हंजी सतरा नसती आली, तरी ही माळ तुटनारच व्हती. पहिल्या मण्यातच लिवलं व्हतं, आन् आपण त्या बिचाऱ्या सतराला शिव्या देत बसलो. आन् ती संख्या किती अंकी, सांगा बघू? सतरा अंकी!" त्यांना या योगायोगाचा एवढा आनंद झाला, की मीही कारण नसताना टाळ्या वाजवल्या. माळ तुटली याचं दुःख तीन दिवस करणारा माणूस, ती अखंड राहणं मुळात शक्यच नव्हतं हे कळल्यावर नातवाच्या बारशासारखा नाचत होता. आणलेल्या पेढ्यांचं कारण सापडलं. रात्री त्यांनी पाच भाकरी खाल्ल्या, लेकीनं मला स्वयंपाकघरातून हाताचा पंजा दाखवून कळवलं.

शाळेत ते गेले. मीही मुक्काम वाढवून गेलो. नव्या शर्टात, फळ्यावर त्यांनी सातही संख्या लिहिल्या, आठवी लिहिली आणि विचारलं, ही मूळ असेल असं कुणाकुणाला वाटतं? सगळे हात वर. हेडमास्तरांचाही. मग त्यांनी सगळ्यांना वहीत सतरानं भागायला लावलं. वर्गात नुसती पेन्सिलींची कुरकुर. पहिल्या बाकावरून कुणीतरी "शून्य!" म्हणून ओरडलं आणि पाठोपाठ सगळा वर्ग, विकेट पडल्यावर ओरडतात तसा, उठून ओरडला. मी व्याह्यांच्या तोंडाकडं बघितलं. ज्या शून्यानं त्यांना अंथरुणाला खिळवलं होतं, त्याचा हा जल्लोष. क्षणभर ते बावरले. मग हळूहळू हसले आणि मुलांना म्हणाले, "मलाबी असंच वरडायला पाहिजे व्हतं. मी उगंच रडलो." पुढं सतरा दर सोळाव्याला परत येते हे सांगितलं, आणि हे कुणी शोधलं तर आमच्या मंडळींनी, हेही सांगितलं. घरी आल्यावर हे विहीणबाईंना कळलं तेव्हा त्या लाजून गोठ्यात गेल्या आणि बराच वेळ म्हशीला पाणीच पाजत राहिल्या.

त्यालाही आता काही वर्षं झाली. व्याह्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. पुण्याला नेऊन दाखवलं, इंजेक्शनं झाली, डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. माणसाची आकृती दिसते, अक्षर दिसत नाही. खडूनं काढलेला आकडा तर नाहीच. फोन केला की ते पूर्वीसारखं संख्येनं सुरू करत नाहीत. आधी तब्येत विचारतात, आणि मला त्यानं कसंसंच होतं.

परवा गेलो होतो. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसलेले. विहीणबाई रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचत होत्या आणि व्याही डोळे मिटून प्रत्येकीचा निकाल सांगत होते. ही मूळ, हिला सातनं जातोय, ही एकोणीसची. विहीणबाईंना इंग्रजी आकडे सावकाश वाचता येतात. चष्मा लावायला सांगितला तर लावत नाहीत. एक पांढरी गाडी लांबून वेग कमी करत आली. त्यांनी डोळे बारीक करून वाचलं, "पस्तीस... सत्त्याहत्तर."

ती गाडी जावयाची होती. तिचा नंबर पस्तीस एकाहत्तर. व्याह्यांनी स्वतः दोन महिने अडून बसून तो घेतलेला, कारण तीन हजार पाचशे एकाहत्तर ही मूळ संख्या आहे, आणि त्या गाडीच्या इंजिनाचा आवाज ते झोपेतसुद्धा ओळखतात. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. व्याह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डोळे मिटले, ओठ हलवले, चांगला वेळ घेतला.

"सात सत्ते एकोणपन्नास, आन् एकोणपन्नास गुणिले त्र्याहत्तर," ते म्हणाले. "मूळ न्हाई."

"व्हय?" विहीणबाई म्हणाल्या.

"व्हय. बराबर वाचलीस." गाडी आमच्याच अंगणात वळली, दिवे त्यांच्या तोंडावरून सरकून विझले. "वाच पुढची."